पोहणारी गाडी आणि तीन पूल

चिलखत, तोफ आणि धूळ एकाच छायाचित्रात दिसली की आपली वर्तमानपत्रे त्याखाली 'रणगाडा' असे छापून मोकळी होतात. या सवयीचा मला राग नाही, पण तिच्यामुळे एक वेगळीच गोष्ट नजरेतून निसटते. रणगाड्यात तीन-चार माणसे असतात आणि ती सगळी रणगाडा चालवायला आणि लढवायलाच असतात. मी ज्या गाडीबद्दल लिहितो आहे, तिच्या पोटात सात-आठ माणसे नुसती बसलेली असतात. ते पायदळाचे जवान. त्यांना लढाईच्या जागी जिवंत पोचवायचे, आणि ते उतरले की वरच्या बंदुकीने त्यांना आधार द्यायचा, एवढे तिचे काम. या गाडीकडून आणखी एक अपेक्षा ठेवली गेली, ती म्हणजे नदी आडवी आली तर तिने पोहावे. या एका अपेक्षेची किंमत कोणी मोजली, हे सोव्हिएत बनावटीच्या बीटीआर गाड्यांच्या इतिहासात अगदी स्वच्छ दिसते.

अपेक्षा वेडगळ नव्हती. १९४३च्या शरदात लाल सेना नीपर नदीच्या काठावर पोचली तेव्हा माघार घेणाऱ्या जर्मनांनी पूल उडवलेले होते. सैनिक कोळ्यांच्या होड्या, पिंपे, ओंडके, हाताला लागेल त्यावर पलीकडे गेले. समोरून मशीनगनचा मारा चालू होता. ही नदी ओलांडण्यातल्या पराक्रमासाठी दोन हजारांहून अधिक जणांना 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब दिला गेला, यावरून ते काम काय होते याची कल्पना येते. हे पाहिलेले अधिकारी युद्धानंतर पश्चिम युरोपचा नकाशा उघडून बसले, तेव्हा त्यांना दिसल्या त्या पुन्हा नद्याच. एल्ब, वेझर, ऱ्हाइन. सगळ्या त्यांच्या वाटेला आडव्या. अणुयुद्ध झाले तर पूल उरणारच नाहीत, असे गृहीत धरलेले. मग पायदळाची गाडी पोहणारी हवी, हा निष्कर्ष ओघानेच आला.

त्यातून गोर्कीच्या गाझ कारखान्यात बीटीआर-६० घडली. उत्पादन १९६०मध्ये सुरू झाले. आठ चाके, आठही चाकांना जोर, पुढची चार वळणारी. चालकाला बसल्या जागेवरून टायरमधली हवा कमी-जास्त करता येई, म्हणजे चिखलात आणि वाळूत चाक रुतायचे नाही. हव्या त्या ताकदीचे एक इंजिन हाताशी नव्हते, म्हणून ट्रकच्या जातीची प्रत्येकी ९० अश्वशक्तीची दोन पेट्रोल इंजिने मागे बसवली. एक पहिल्या आणि तिसऱ्या आसाला, दुसरे दुसऱ्या आणि चौथ्या. एक बंद पडले तरी गाडी लंगडत घरी येई. सुमारे १० टनांची ही गाडी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर धावे. पाण्यात शिरण्याआधी नाकापुढची फळी उभी करायची, मग शेपटाकडचा पंखा बोगद्यासारख्या नळीतून पाणी मागे फेकी आणि गाडी ताशी १० किलोमीटरने पुढे सरके. आधीचे नमुने उघड्या छताचे होते. त्याआधीच्या बीटीआर-१५२चे छतही उघडेच होते, आणि १९५६मध्ये बुडापेस्टच्या खिडक्यांतून त्यांच्यावर हातबॉम्ब आणि पेटत्या बाटल्या पडल्या होत्या. काही वर्षांत बीटीआर-६०वरही छत आले आणि पाठोपाठ १४.५ मिलिमीटरची जड मशीनगन असलेला छोटा टरेट.

आता या रचनेतली मेख पाहा. पाणी फेकणारा पंखा मागे, म्हणून इंजिनेही मागे. मग मागे दार कुठे ठेवणार? जवानांना बाहेर पडायचे तर छतावरच्या किंवा बाजूला उंचावर असलेल्या लहान झडपांतून. गाडीवर गोळ्या येत असताना छतावर उभे राहून खाली उडी मारणे म्हणजे काय, हे सांगायला लष्करी तज्ज्ञ लागत नाही.

दुसरी मेख आर्किमिडीजची. जितके गाडीचे वजन, तितक्या वजनाचे पाणी तिने बाजूला सारले पाहिजे. मी पुढच्या बीटीआर-८०ची मापे घेऊन कागदावर ढोबळ हिशेब केला. लांबी साडेसात मीटर, रुंदी तीनला थोडी कमी. निमुळते नाक वजा केले तर पाण्यावरचा ठसा सुमारे २० चौरस मीटर. म्हणजे दर वाढीव टनामागे गाडी ५ सेंटीमीटर खाली बसणार. दोन्ही बाजू आणि पुढचा भाग मिळून २५ चौरस मीटर पत्रा धरला आणि तो फक्त १० मिलिमीटरने जाड केला, तर वजन जवळजवळ दोन टनांनी वाढते. गाडी १० सेंटीमीटर बुडते. काठ पाण्याच्या इतक्या जवळ असतो की असे फार वेळा करता येत नाही. म्हणून चिलखत पातळच राहिले. साध्या रायफलची गोळी आणि तोफगोळ्याचे तुकडे त्याने अडत. जड मशीनगनची गोळी बाजूने आली तर अडत नसे.

युरोपातले ते युद्ध झालेच नाही. डिसेंबर १९७९मध्ये ४०वी आर्मी तेरमेझपाशी अमुदर्या ओलांडून अफगाणिस्तानात शिरली. खरीखुरी नदी समोर होती, आणि सैन्य गेले ते तराफ्यांच्या पुलावरून. तो पहिला पूल. पलीकडे नद्यांपेक्षा घाट जास्त. काबूलचा रस्ता सालांगच्या बोगद्यातून सुमारे ३,४०० मीटर उंचीवरून जातो. विरळ हवेत आणि मैदानातल्या उन्हाळ्यात ती इंजिने धापा टाकू लागली. शत्रू होता डोक्यावरच्या कड्यावर, आणि टरेटची बंदूक ३० अंशांच्या वर उचलत नव्हती. रस्त्यात सुरुंग होते. बंद डब्याखाली सुरुंग फुटला की आतल्यांची वाट लागे. वर बसलेला निदान फेकला जाऊन वाचण्याची आशा असे. म्हणून जवान आत बसेनासे झाले. ते छतावर, उघड्यावर, चिलखताच्या बाहेर बसून प्रवास करू लागले. ज्यांच्या रक्षणासाठी डबा बनवला, त्यांनीच तो हिशेब करून नाकारला.

कारखान्याने ऐकले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. बीटीआर-७०मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकाच्या मध्ये, खाली, एक छोटी झडप आली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आलेल्या बीटीआर-८०त दोन पेट्रोल इंजिनांच्या जागी कामाझचे २६० अश्वशक्तीचे एकच डिझेल इंजिन बसले. बंदूक ६० अंशांपर्यंत वर जाऊ लागली. बाजूच्या झडपेचे दार झाले, त्याचा खालचा अर्धा भाग पायरी होऊन पडे आणि वरचा पुढे उघडे. पुढे १९९०च्या दशकात ३० मिलिमीटरची तोफ लावलेली बीटीआर-८०ए आली. युरोपातल्या पारंपरिक सैन्यदलांबाबतच्या १९९०च्या करारात २० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी तोफ ही सीमारेषा होती. त्यामुळे कालची 'वाहक' गाडी कागदोपत्री 'पायदळाची लढाऊ गाडी' झाली. पत्रा मात्र फारसा जाड झाला नाही. तिला अजून पोहायचे होते ना!

१५ फेब्रुवारी १९८९ला सोव्हिएत सैन्याने अफगाणिस्तान सोडले, त्याची चित्रफीत मी अनेकदा पाहिली आहे. १९८२मध्ये बांधलेल्या मैत्री पुलावरून बीटीआर ओळीने येतात. खाली तीच अमुदर्या वाहते आहे, जी पोहून पार करण्यासारखी या गाड्यांची बांधणी होती. वर झेंडे, आणि छतावर दाटीने बसलेले तरुण. युद्ध संपले तरी ते आत बसलेले नाहीत. तो दुसरा पूल.

पोहण्याचा उपयोग झालाच नाही असे नाही. १९७३च्या ऑक्टोबर युद्धात इजिप्तच्या एका ब्रिगेडने पट्ट्यांवर चालणाऱ्या उभयचर गाड्यांतून ग्रेट बिटर लेक पार केले. पण तळे वेगळे, नदी वेगळी. नदीत अडचण असते ती बहुधा पलीकडच्या काठाची. काठ उभा किंवा दलदलीचा असला तर आठ चाकेही जागच्या जागी फिरतात. शिवाय मागून रणगाडे, दारूगोळा, डिझेलचे टँकर यायचे असतात, आणि ते पोहत नाहीत. मे २०२२मध्ये युक्रेनमधल्या बिलोहोरिव्काजवळ रशियन सैन्याने सिवर्स्की दोनेत्स ओलांडायला तराफ्यांचाच पूल टाकला. तोफखान्याने तो शोधला आणि दोन्ही काठांवर डझनावारी चिलखती गाड्या जळाल्या. त्यांत पोहू शकणाऱ्याही होत्या. तो तिसरा पूल.

इतरांनी या कोड्याची वेगळी उत्तरे काढली. स्विस पिरान्हावरून घडलेल्या अमेरिकन एलएव्ही-२५ने इंजिन पुढे नेले आणि मागे दार ठेवले. पाण्यासाठी दोन छोटे पंखे. फ्रान्सच्या व्हीबीसीआयने आणि जर्मन-डच बॉक्सरने पोहणेच सोडले आणि ते वजन चिलखताला दिले. खुद्द रशियाने २०१५च्या संचलनात दाखवलेल्या बूमरँगचे इंजिन पुढे आहे आणि मागे उतरण आहे. ती पोहते, पण त्यासाठी तिचा डबा बराच मोठा करावा लागला.

आपल्याकडे अहिल्यानगरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने टाटांबरोबर बनवलेली आठ चाकांची उभयचर गाडी याच वाटेने गेली आहे. ६०० अश्वशक्तीचे इंजिन, मागे उतरण, आणि वजन वीस टनांच्या पुढे. तिच्या बातम्यांत 'पाण्यातही चालते' हे वाक्य हटकून असते. मला ते वाचून अभिमान वाटतो, आणि लगेच पुढची माहिती हवीशी वाटते. काठ किती चढाचा असला तर ती वर येते? जादा चिलखत चढवल्यावरही ती तरंगते का? आणि सुरुंगांच्या रस्त्यावर आपले जवान तिच्या आत बसतील, की छतावर?