पीएम स्वनिधी

शहरांतील फेरीवाले, हातगाडीवाले आणि पथारीवाले यांना खेळत्या भांडवलासाठी विनातारण कर्ज मिळवून देणारी केंद्र सरकारची योजना. पूर्ण नाव ‘प्रधानमंत्री पथविक्रेता आत्मनिर्भर निधी’. कोरोनाच्या टाळेबंदीत रस्त्यावरचा धंदा बसला, तेव्हा गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाने १ जून २०२० रोजी ती सुरू केली.

या धंद्याचे भांडवल रोज फिरते. भाजीवाली पहाटे घाऊक बाजारातून कोथिंबीर, मिरची, टोमॅटो उचलते, टेम्पोचे भाडे आणि हमाली देते, नाक्यावर पोते अंथरते आणि दिवसभराच्या गल्ल्यातूनच दुसऱ्या दिवशीचा माल आणते. एखादे आजारपण आले की ही साखळी तुटते. मग सावकाराकडून ‘रोजाने’ पैसे घ्यावे लागतात. सकाळी ९०० रुपये हातात पडले, तर रात्री १,००० परत करायचे, म्हणजे एका दिवसाला अकरा टक्क्यांहून जास्त व्याज. बँकेच्या दारात मात्र तिला जामीन, दुकानाचा पत्ता, उत्पन्नाचा दाखला असे काही ना काही मागितले जाई आणि यातले काहीच तिच्याकडे नसे.

योजनेने ही अडचण ओळखली. सुरुवातीला पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते, एका वर्षात फेडायचे. ते वेळेत फिटले की २०,००० आणि पुढे ५०,००० रुपये मिळत. हप्ते नियमित भरणाऱ्याला वर्षाला ७ टक्के दराने व्याजाचे अनुदान खात्यावर मिळते. कर्ज बुडाल्यास बँकेला सरकारी पतहमीचा आधार असतो. योजनेच्या अंमलबजावणीत लघुउद्योग विकास बँक ‘सिडबी’ भागीदार आहे. डिजिटल व्यवहारांवर सुरुवातीला महिन्याला १०० रुपयांपर्यंत कॅशबॅक ठेवला होता. शहाळ्याच्या गाडीवर क्यूआर कोडची पाटी दिसू लागण्यामागे अशा प्रोत्साहनाचाही वाटा आहे.

रकमेइतकेच महत्त्व कागदाला आहे. पालिकेच्या सर्वेक्षणात नोंद आणि विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र असेल, तर अर्ज सरळ होतो. सर्वेक्षणातून राहून गेलेल्यांसाठी पालिका किंवा नगर पथविक्रेता समितीचे शिफारसपत्र चालते. वर्षानुवर्षे ‘अतिक्रमण’ म्हणून हटवल्या गेलेल्या माणसाच्या हाती, तो विक्रेता आहे असे सांगणारा पालिकेचा कागद येणे ही माझ्या मते या योजनेची सर्वांत मोठी कमाई.

या कागदाचे मूळ पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ मध्ये आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवू नये, असे तो सांगतो. जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि इतर माल कामाच्या दोन दिवसांत परत द्यावा, अशीही तरतूद त्यात आहे. नगर समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतील एक तृतीयांश महिला असाव्यात, असे कायदा म्हणतो. कर्जवाटपाला मिळालेली गती या तरतुदींच्या वाट्याला आलेली नाही, आणि हा अन्याय आहे. कर्ज देणारे सरकार आणि गाडी उचलणारी पालिका यांचा मेळ बसत नाही. गाडी गोदामात पडून असली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

जुलै २०२५ अखेरपर्यंत ६८ लाखांहून अधिक विक्रेत्यांना सुमारे १३,८०० कोटी रुपयांची कर्जे वाटली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली. पहिला टप्पा १५,००० आणि दुसरा २५,००० रुपयांचा झाला. तिसरा ५०,००० वरच राहिला. दुसरे कर्ज फेडणाऱ्यांना यूपीआयशी जोडलेले रूपे क्रेडिट कार्ड देण्याचेही ठरले. जनगणना नगरे (जनगणनेत शहरी मानलेली, पण नगरपालिका नसलेली गावे) आणि शहरांलगतचा पट्टा टप्प्याटप्प्याने योजनेत येणार असल्याने तिथल्या भाजी-फळवाल्यांनाही आता पहिल्यांदा आपली नोंद करून घ्यावी लागेल.