जुनी आज्ञावली आणि नवा कंपायलर

संगणकास द्यावयाच्या आज्ञा मनुष्यास उमजेल अशा भाषेंत लिहून त्यांचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करावें लागतें. हें काम कंपायलर करतो. हा भाषांतरकार बदलला म्हणजे काल बिनतक्रार चालणारी आज्ञावली आज चुकीची कशी ठरते, हें समजण्यास ‘सी’ भाषेचा इतिहास पाहावा लागतो.

१९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं ही भाषा घडविली. तिच्या आधींच्या ‘बी’ भाषेंत सर्व मूल्यें एकाच जातीचीं असत. त्या वारशामुळें जात सांगितली नसेल तर ती पूर्णांक समजावी, आणि पूर्वसूचना न देतां वापरलेलें फंक्शन पूर्णांकच परत देतें असें धरावें, अशी सवलत ‘सी’मध्यें राहिली. १९७८ सालीं निघालेल्या कर्निगन व रिची यांच्या ग्रंथानें ही रीत सर्वत्र नेली.

पुढें यंत्रें बदललीं. ३२ बिटांच्या यंत्रावर पूर्णांक आणि स्मृतींतील पत्ता सारख्याच लांबीचे असत. ६४ बिटांच्या यंत्रावर पूर्णांक बहुधा ३२ बिटांचाच राहिला, पण पत्ता ६४ बिटांचा झाला. पत्ता परत देणारें एखादें फंक्शन पूर्वसूचनेवांचून वापरलें, तर त्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून पडे आणि आज्ञावली भलत्याच ठिकाणीं कोसळे. कंपायलर फार तर एक इशारा देऊन पुढें जाई.

१९९९ च्या प्रमाणानें या दोन्ही सवलती काढल्या. तरी जुन्या लेखनाची भीड धरून कंपायलर त्या चालवून घेत राहिले. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं आरंभिलेल्या जीसीसीनें ही भीड टप्प्याटप्प्यानें सोडली. २०२० च्या दहाव्या आवृत्तीपासून एकच सार्वत्रिक चल ‘एक्स्टर्न’ न म्हणतां अनेक फाइलींत लिहिणें चालेनासें झालें. २०२४ च्या चौदाव्या आवृत्तींत ते जुने इशारे चुकाच ठरले. २०२५ च्या पंधराव्या आवृत्तीनें ‘सी-२३’ हें प्रमाण मूळ धरलें. ‘बूल’ हा शब्द भाषेनें स्वतःसाठीं राखला, आणि फंक्शनापुढील रिकाम्या कंसाचा अर्थ ‘कांहींहि चालेल’ याऐवजीं ‘कांहींच नको’ असा झाला.

१९६२ च्या नियमांनीं मराठी लेखनांतील अनुच्चारित अनुस्वार गेले; पण त्यापूर्वींचें पुस्तक आजहि वाचतां येतें, कारण वाचक अर्थ जाणतो. कंपायलर अर्थ जाणत नाहीं, तो नियम जाणतो. त्याचें हें अंतरंग अभ्यासण्याचें मोठें काम पवईच्या आयआयटींत प्राध्यापक उदय खेडकर यांनीं केलें आहे.

नव्या मुंबईंतील करंजाडे येथें घरीं बसून जुनी आज्ञावली सांभाळणाऱ्या तरुणापुढें दोन वाटा असतात. एक, कंपायलरला जुनेंच प्रमाण धरावयास सांगणें. त्यानें दिवस निभावतो, पण दोष दडून राहतो. दुसरी, प्रत्येक तक्रार वाचून योग्य ती हेडर-फाइल जोडणें, जात स्पष्ट लिहिणें, चलाची व्याख्या एकाच ठिकाणीं ठेवणें. केवळ तक्रार बंद पडावी म्हणून जबरीनें जात बदलणें हें मात्र दुखणें झांकणें होय. मूळ लेखकानें मनांत गृहीत धरलें तें कागदावर उतरविणें, हीच खरी दुरुस्ती. ती झाली कीं पुढचा भाषांतरकार कितीहि कडक असो, त्यास अंदाज करावा लागत नाहीं.