तंबपण्णी, सीहळ आणि लंका

'लंका' म्हटले की आपल्याकडे रावण आठवतो. त्यामुळे आमच्यातील कित्येक उपासक हे नाव पुराणिकांचे समजून टाळतात व 'सिंहलद्वीप' म्हणणे पसंत करतात. हा समज तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शिलालेखांत या द्वीपाचे नाव निराळेच आहे. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या व तेराव्या शिलालेखांत चोळ, पांड्य यांच्या पुढे 'तंबपण्णी' येते. दुसऱ्या लेखात ताम्रपर्णी नदी अभिप्रेत असावी, असेही काही विद्वान मानतात. ग्रीकांचे 'ताप्रोबाने' हे त्याच नावाचे रूप. महावंसाची कथा अशी की, विजय व त्याचे सोबती प्रथम सुप्पारकास, म्हणजे आपल्या सोपाऱ्यास, उतरले. सोबत्यांच्या दांडगाईमुळे तेथून निघावे लागले. पुढे या द्वीपावर थकून त्यांनी भुईवर हात टेकले, तो तांबड्या मातीने हात ताम्रवर्ण झाले, म्हणून तंबपण्णी! कथा गोड आहे. पण पालीत हात म्हणजे 'पाणि', आणि 'पण्ण' म्हणजे पान. नाव आधीचे, कथा मागाहूनची, असेच आमचे मत आहे.

'सीहळ' नावाच्या तर दोन कथा आहेत. महावंसात ते सिंहाला मारणाऱ्या सीहबाहूवरून आले. दिव्यावदानात सिंहल नावाच्या व्यापाऱ्यावरून. ही दुसरी कथा अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात भिंतभर रंगविलेली आहे. ह्युएन त्संगाने दोन्ही कथा नोंदविल्या. आपणही एकीचाच आग्रह धरण्याचे कारण नाही. सीहळाचेच परदेशी मुखांतून 'सिलोन' झाले. डॉ. बाबासाहेब १९५० मध्ये बौद्ध परिषदेसाठी कँडीस गेले, तेव्हा देशाचे नाव हेच होते. ते १९७२ मध्ये बदलले.

आता 'लंका'. दीपवंस व महावंस हे थेरवादी भिक्खूंचे ग्रंथ; त्यांत 'लंकादीप' हा शब्द पदोपदी येतो. तथागतांच्या तेथील आगमनाच्या कथेतही हेच नाव आहे. मग ते परके कसे? तेलुगूत नदीतल्या बेटाला आजही 'लंका' म्हणतात. पैठणवरून वाहत जाणारी आपली गोदावरी समुद्राजवळ फुटते, तेथे अशा लंका पुष्कळ आहेत. त्यांवर गावे वसलेली आहेत.