मठिकेतून माजघरात

मुलांची शाळा, नोकरी आणि स्वयंपाक यांच्या ओढाताणीत सापडलेल्या आईवडिलांना मन शांत ठेवण्यासाठी आज प्राणायाम सहज सुचवला जातो. मात्र हठयोगाच्या ग्रंथांनी तो प्रामुख्याने ज्याच्यासाठी सांगितला, तो साधक संसारापासून दूर राहणारा होता. सुमारे १५व्या शतकात स्वात्मारामाने रचलेल्या ‘हठप्रदीपिके’त साधकाने मठिकेत, म्हणजे लहान दाराच्या आणि झरोका नसलेल्या एकान्तातल्या खोलीत राहावे, असे सांगितले आहे, कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, दिवसातून चार वेळा आणि दर वेळी हळूहळू ८० पर्यंत वाढवत न्यावे, असा दंडक आहे, आणि योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत ‘जनसंग’ही मोजला आहे. पाळण्यात तान्हे मूल असलेल्या घरात जनसंग टाळावा कसा, हा प्रश्न त्या ग्रंथाला पडण्याचे कारणच नव्हते. ‘शिवसंहिता’ मात्र अखेरीस बायकामुलांनी भरलेल्या घरात राहून मनाने अलिप्त असलेल्या गृहस्थालाही सिद्धीचा अधिकार देते, आणि ही मोकळीक फार मोलाची आहे.

घरात प्राणायाम अजिबात नव्हता, असेही नाही. पळी-पंचपात्र पुढे घेऊन संध्येला बसलेला गृहस्थ उजव्या हाताच्या अंगठ्याने उजवी आणि अनामिका-करंगळीने डावी नाकपुडी आळीपाळीने दाबून पूरक (श्वास आत घेणे), कुंभक आणि रेचक (श्वास सोडणे) करीत मनात गायत्री म्हणत असे. परंतु संध्येचा अधिकार मुंजीशी बांधलेला असल्यामुळे बहुसंख्य जातींना आणि सर्व स्त्रियांना तो नव्हता. म्हणजे मुलांचे रडणे-आजारपण रात्रंदिवस जी निभावत होती, नेमकी तीच या अभ्यासाबाहेर राहिली.

ही कोंडी फुटली ती नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास यांच्या दोन शिष्यांमुळे. त्यांपैकी योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत वर्सोव्याला ‘योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली, संन्यास न घेता संसार मांडला आणि योग गृहस्थांनाच शिकवायचा असे ठरवले. दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला ‘कैवल्यधाम’ स्थापून योगक्रिया क्ष-किरण यंत्रापुढे आणि दाबमापकांवर तपासल्या. पुढे ‘प्राणायाम’ या ग्रंथात त्यांनी शरीरस्वास्थ्यासाठी अभ्यास करणारा आणि अध्यात्मासाठी करणारा असे साधकांचे दोन वर्ग स्पष्टपणे वेगळे केले. हा भेद वरवर साधा दिसला, तरी घरातल्या माणसाने मठिकेतले सगळे नियम पाळलेच पाहिजेत, हे ओझे त्यामुळे उतरले.

पुढची पायरी रुग्णालयात चढली गेली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी कैवल्यधामातील विनेकर आदी सहकाऱ्यांसह १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४७ रुग्णांना शवासनात संथ, लयबद्ध श्वसन शिकवले, तेव्हा अनेकांचा रक्तदाब उतरल्याचे आढळले. रेचक पूरकापेक्षा लांबवला, की मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती मंदावते. श्वास बाहेर सोडण्याने चित्त प्रसन्न होते, हे पतंजलीच्या योगसूत्रांतही सांगितलेले असल्याने, या नव्या मापनाने जुन्या निरीक्षणाला शरीराची साक्ष मिळाली, असे म्हणता येते. दीर्घ कुंभक गळून संथ पूरक आणि लांब रेचक एवढेच उरल्यावर हा अभ्यास मूल मांडीवर असतानाही करता येतो. त्यासाठी आसन लागत नाही, की दार लावून घ्यावे लागत नाही.

या वाटचालीत योगेंद्रांच्या पत्नी सीतादेवी यांचे काम सर्वांत कमी सांगितले जाते. १९२७ मध्ये विवाहानंतर त्या संस्थेच्या कामात उतरल्या, आई झाल्या, आणि स्त्रियांसाठी योग सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंजीच्या अटीने शतकानुशतके बाहेर ठेवलेल्या गृहिणीपर्यंत योग पोहोचवणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यायला हवे.