तेजीची सालं
३. ‘तेजीची सालं’ : पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कापसाचे भाव भडकले, ती वर्षे लेखकाच्या मनात आहेत. वऱ्हाडातल्या मोर्शी-वरुड भागातल्या घरांची पुढची कर्जे समजायला जमिनीचा कायदा पाहावा लागतो. १९०२च्या कराराने इंग्रजांनी वऱ्हाड निजामाकडून वार्षिक २५ लाख रुपयांवर कायम पट्ट्याने घेतले आणि १९०३मध्ये त्याचा कारभार नागपूरला जोडला. जमीनधारा मात्र वेगळाच राहिला. नागपूरकडे सारा गोळा करणारा मालगुजार मध्ये असे, तर इथे खातेदार सरकारात सारा थेट भरी. जमीन त्याच्या नावावर, म्हणून ती गहाण टाकण्याची मोकळीकही त्याचीच. कापूस तेजीत आला की सावकार हात सैल सोडी. लग्ने, वाडे, बैलजोड्या या उधारीवर उभ्या राहत, आणि भाव उतरला की शेत सावकाराच्या खात्यावर चढे. कापूस विक्रीच्या बाजूने पाहता, १८९७च्या बाजार कायद्याने अडत्ये आणि मापाऱ्यांवर परवान्याचा वचक बसवला. पण बाजार समितीत वजन व्यापाऱ्यांचेच होते, हे लेखक सांगत नाही. १९२९नंतरच्या मंदीत हा सारा डोलारा कोसळला. १९३३चा कर्जलवाद कायदा त्यातूनच आला. पंजाबराव देशमुखांचे नाव त्याच्याशी जोडले जाते. पुढे पृष्ठभर चालणारी सावकारावरची चीड वाचताना एवढे ध्यानात ठेवावे, की तेजीत पैसा देणाराही तोच होता. — संपा.