कालाग्वाला : एका नेच्याची साक्ष

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं बखरी, सनदा आणि दप्तरांतील रुमाल वाचकांच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. कागदावर चिकटवून ठेवलेलें एखादें वाळकें पानही तितकेंच अस्सल साधन असूं शकतें, हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. म्हणून दक्षिण अमेरिकेंतील एका नेच्याची हकीकत आम्ही येथें सादर करीत आहों.

पेरू देशाच्या डोंगराळ भागांत 'कालाग्वाला' नांवाचा नेचा होतो. त्याचें आडवें वाढणारें मूलकांड तेथील लोक औषधार्थ वापरीत, व पुढें तें स्पेनच्या बाजारांतही येऊं लागलें. परंतु पानें गेलेलें, वाळलेलें मूळ पाहून तें कोणत्या नेच्याचें, हें सांगावें कोणीं? एकाच नांवाखालीं निरनिराळीं मुळें येत. आणि चूक झाल्यास तिचा भोग बिचाऱ्या रोग्याच्या कपाळीं!

हा घोळ निस्तरण्याचें काम इपोलितो रुईस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञानें अंगावर घेतलें. राजा तिसरा कार्लोस याच्या आज्ञेनें तो व त्याचा सहकारी होसे पावोन हे १७७७ सालीं स्वदेशाहून निघाले, ते पेरू व चिली हे देश धुंडाळून १७८८ सालीं परतले. या अवधींत दैवानें त्यांची कठोर परीक्षा पाहिली. १७८५ सालीं माकोरा येथें आग लागून रुईसच्या रोजनिशा व वाळविलेल्या वनस्पति भस्मसात् झाल्या. पुढच्याच वर्षीं त्यांच्या नमुन्यांच्या पेट्या नेणारें 'सान पेद्रो दे अल्कान्तारा' हें जहाज पोर्तुगालच्या किनाऱ्याशीं खडकांवर फुटलें. तरी त्यांनीं हातचें काम सोडलें नाहीं.

१८०५ सालीं रुईसनें अस्सल कालाग्वाला व त्याच नांवानें येणारीं दुसरीं दोन मुळें यांवर निबंध प्रसिद्ध केला. नेच्याला फूल नाहीं, फळ नाहीं. त्याची जात ओळखावयाची ती पानाची ठेवण, पानाच्या पाठीवरील बीजाणूंच्या पुंजक्यांची मांडणी व मूलकांडावरील खवले यांवरून. बाजारच्या मुळाला पान नसतें. ज्यानें सबंध नेचा रानांत पाहिला, त्यालाच येथें नीरक्षीरविवेक करणें शक्य होतें.

पुढें आगींतून व समुद्रांतून वांचलेल्या या संग्रहाचीही पांगापांग झाली. द्रव्याच्या अडचणींत सांपडलेल्या पावोननें पुष्कळ नमुने परदेशीं विकले. त्यांचा एक मोठा गिऱ्हाईक लंडनचा लॅम्बर्ट. त्याच्या मृत्यूनंतर १८४२ सालीं त्याच्याही संग्रहाचा लिलाव झाला. असे हात बदलतांना कित्येक नमुन्यांचें स्थळ व साल कायमचें हरवलें.

आजही कालाग्वाला या एका नांवानें अनेक नेचे ओळखले जातात. म्हणूनच नांवाच्या भरंवशावर न राहतां अभ्यासकाला मूळ नमुन्याकडे जावें लागतें. पान शतकानुशतकें टिकतें. पण तें कोठलें, केव्हांचें, कोणीं खुडलें हें सांगणारी चिठ्ठी गेली, कीं साक्षीदार हजर असून त्याची जबानी मात्र हरवते. आमच्या जुन्या दप्तरांना वाळवी लागलेली ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना या हानीचें मोल निराळें सांगावयास नको.