चव आणि कायदा : सास्सिकाया वाइनच्या दर्जाचा प्रश्न

इटलीने १९६३ साली कायदा करून वाइनचा दर्जा उत्पादनाचा प्रदेश, द्राक्षाचे वाण आणि विहित पद्धती यांच्याशी जोडला. तस्कनीतील बोल्गेरी येथे मारिओ इन्चिसा देल्ला रोकेत्ता यांनी त्यापूर्वीच, १९४४ साली, काबर्ने सोव्हिन्यों या फ्रेंच वाणाची लागवड केली होती. त्यातून निर्माण झालेली सास्सिकाया ही तांबडी वाइन दीर्घकाळ कुटुंबापुरतीच राहिली. १९६८ च्या हंगामाची वाइन प्रथम बाजारात आली. नियमावलीत बसत नसल्याने तिच्यावर ‘व्हिनो दा ताव्होला’, म्हणजे जेवणासोबतची साधी वाइन, एवढाच शिक्का होता.

१९७८ साली लंडनच्या ‘डिकँटर’ नियतकालिकाने काबर्ने वाइनची तुलनात्मक चवपरीक्षा घेतली. ११ देशांतील ३३ वाइनमधून परीक्षकांनी १९७२ ची सास्सिकाया सर्वोत्तम ठरविली. एका चवपरीक्षेला निर्णायक पुरावा मानणे अर्थातच धाडसाचे ठरेल. शिवाय प्रदेशाच्या नावाचे रक्षण हा कायद्याचा हेतूही रास्त होता. मात्र नियमांशी सुसंगती म्हणजेच गुणवत्ता, हे त्यामागील गृहीतक या निकालाने उघडे पाडले. तरीही बोल्गेरीची १९८३ ची नियमावली पांढऱ्या व गुलाबी वाइनपुरतीच राहिली. सास्सिकायाला तीत स्थान मिळण्यास १९९४ साल उजाडावे लागले.